पुण्याच्या पेठा आणि जमिनीखालचं पाणी : हौद, नळ, उच्छ्वास

आडवाट (धागाकर्ती)

जुनं पुणं बघायला निघालेला माणूस शनिवारवाड्यापासून सुरुवात करतो. माझं आग्रहाचं सांगणं आहे की एकदा कात्रजपासून सुरुवात करून बघा. पेठा कुठे वसल्या, रस्ते कुठे वळले, कुठल्या चौकात गर्दी जमली, यातलं पुष्कळसं पाण्याने ठरवलेलं आहे आणि ते पाणी कात्रजहून आलेलं आहे.

पेशवे पुण्यात राहायला आले तेव्हा गाव लहान होतं. मुठेचा काठ, नागझरी आणि आंबिल ओढा, आणि या प्रवाहांच्या आधाराने वसलेला कसबा. शनिवारवाड्याचा पाया १० जानेवारी १७३० ला घातला गेला आणि २२ जानेवारी १७३२ ला वास्तुशांत झाली. त्यानंतर सरदार आले, कारकून आले, सावकार, भटभिक्षुक, कारागीर सगळे आले. नदीवरून कावडीने पाणी आणून एवढं शहर चालणार नव्हतं.

नानासाहेब पेशव्यांनी १७५० च्या सुमारास कात्रजला ओढ्यावर बांध घालून तळी बांधून घेतली आणि तिथून थेट शहरात नळ आणला. त्या काळी नळ म्हणजे दगड, वीट आणि चुन्यात बांधलेला, वरून झाकलेला बोगदा. बऱ्याच ठिकाणी माणूस आत उभा राहून चालू शकेल एवढा उंच. धनकवडी, स्वारगेट असं करत तो पेठांमध्ये शिरतो. पंप नाही, रहाट नाही, सगळा प्रवास केवळ जमिनीच्या उताराने. शनिवारवाड्याच्या हजारी कारंजाचं सोळा पाकळ्यांचं कमळ आपण कौतुकाने बघतो. त्याच्यामागे मैलोन्‌मैल पसरलेलं हे काम आहे.

याच काळात आंबिल ओढ्याचा मार्गही बदलला. पूर्वी तो आजच्या पेठांच्या भागातून वाहत मुठेला मिळायचा. पर्वतीच्या पायथ्याशी बांध घालून तो पश्चिमेकडे वळवला, तिथे तळं झालं, आणि शहराला वाढायला कोरडी, सलग जागा मिळाली. आज जिथे सारसबाग आणि तळ्यातला गणपती आहे, तेच ते तळं. नायगावच्या जागी सदाशिव पेठ उभी राहिली. ओढा हलला नसता तर हा भाग आज आहे तसा नसता, हे नकाशा समोर ठेवला की लगेच लक्षात येतं.

पुढे नाना फडणवीसांनी आंबेगावच्या बाजूने सदाशिव पेठेच्या हौदापर्यंत वेगळा नळ आणला. सरदार रास्ते यांनी आपल्या पेठेसाठी कोंढव्याकडून आणला. म्हणजे शहराला एकच एक वाहिनी नव्हती. ज्याने पेठ वसवली त्याने पाण्याची सोय बघायची, असा तो रिवाज दिसतो.

नळाचं पाणी सार्वजनिक हौदांत यायचं, आणि ज्यांची ऐपत होती त्यांच्या वाड्यातल्या आडातही यायचं. काळा हौद, बदामी हौद, फडके हौद, नाना हौद, तांबट हौद, साततोटी, पंचहौद. ही नावं आजही रिक्षावाल्याला सांगितली की तो बरोबर नेऊन सोडतो. तिथे उतरल्यावर मात्र बहुतेक ठिकाणी चौक आहे, सिग्नल आहे, हौद नाही. काही बुजवले, काहींवर स्लॅब टाकली, काहींच्या जागी चौक्या आणि गाळे उभे राहिले.

धागा काढायचं कारण तातडीचं आहे. पेठांमधले वाडे एकापाठोपाठ पाडले जात आहेत. नव्या इमारतीचा पाया खणताना मशीन खाली गेलं की विटांची कमान लागते, पाणी वर येतं, दोन दिवस पंप लावून ते गटारात सोडतात आणि काँक्रीट ओततात. कुठे काय सापडलं याची कुठेही नोंद होत नाही. शनिवारवाड्याची वीट हलली तर शहर पेटून उठेल. तेवढ्याच जुन्या आणि तेवढ्याच कसबाच्या या बांधकामाचे तुकडे दर महिन्याला जात असतील, आणि आपल्याला कळतही नाही.

तुमच्या वाड्यात आड होता का? तो भरायचा का आणि केव्हापर्यंत? घराजवळ उच्छ्वास, म्हणजे नळाच्या हवेसाठी जमिनीवर आलेला बांधीव धुराडा, आहे का? आठवतं ते लिहा.

---

जुना_कसबेकर

ताई, फार चांगला विषय. आमचा वाडा कसब्यात, साततोटीपासून जवळच. आता तिथे पाच मजली इमारत आहे.

आमच्या आडाला उन्हाळ्यात पाणी कमी व्हायचं, पण तळ कधी दिसला नाही. आजी सांगायची की हे झऱ्याचं पाणी नव्हे, कात्रजचं. पाण्याला चव होती, डाळ लवकर शिजायची. नगरपालिकेचा नळ घरात आल्यावरसुद्धा देवपूजेला आणि स्वयंपाकाला आडाचंच पाणी. पोहरा पडला की तो काढायला गळ असायचा आणि तो गळ सगळ्या आळीत एकाच घरी होता.

१२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं, पाठोपाठ खडकवासलाही गेलं. नदीकाठच्या पेठा बुडाल्या हे सगळ्यांना माहीत आहे. त्यानंतरच्या दिवसांबद्दल फारसं बोललं जात नाही. धरणच नाही म्हटल्यावर नळाला पाणी कुठून येणार? तेव्हा पुराचं पाणी न शिरलेल्या वाड्यांतल्या आडांवर रांगा लागायच्या, असं माझे वडील सांगत. वर्षानुवर्षं झाकलेले आड लोकांनी उपसून साफ केले. दोनशे वर्षांपूर्वीची सोय त्या वेळी कामाला आली. आज तसंच संकट आलं तर काय करणार? आड राहिलेत कुठे?

---

शुक्रवारी_संध्याकाळ

माझे आजोबा नेहमी सांगायचे की शनिवारवाड्यातून पर्वतीला जाणारं भुयार आहे आणि घोड्यावर बसून त्यातून जाता यायचं. त्यांच्या ओळखीतलं कुणीतरी लहानपणी त्यात उतरलंही होतं म्हणे. ते भुयार आणि हा नळ एकच का?

---

चुनाविटा

मी स्थापत्य अभियंता आहे, जुन्या बांधकामांच्या दुरुस्तीची कामं करतो. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पुण्यात ज्या ज्या ठिकाणी ‘भुयार’ सापडल्याच्या गोष्टी ऐकल्या आणि ज्या थोड्या जागा प्रत्यक्ष बघायला मिळाल्या, तिथे तिथे नळाचीच शक्यता सर्वांत जास्त वाटली. कमानीचं छत, चुन्याचा गिलावा, तळाला हलका उतार, भिंतीवर पाण्याच्या पातळीची रेघ. पळून जायची वाट कुणी एवढ्या काटेकोर उताराने बांधत नाही. आजोबांच्या ओळखीतलं कुणी आत उतरलं असेल तर ते खोटं असायचं कारण नाही. ते उतरले नळात. घोड्याची भर मागाहून पडली असावी.

२०१९ मध्ये स्वारगेटला मेट्रोच्या कामात असाच जुना बोगदा लागला होता. बातमी आली आणि बघायला झुंबड उडाली. जाणकारांनी तो पाण्याचा नळ असल्याचं सांगितलं. कात्रजहून येणारी वाट ध्यानात घेतली तर तो तिथेच सापडायला हवा होता.

आता उच्छ्वास. नळ वरून बंद असतो. पाणी आत शिरताना हवा कोंडली तर प्रवाह अडतो. म्हणून ठरावीक अंतरावर जमिनीच्या वर येणारे बांधीव धुराडे ठेवलेले असतात, तेच उच्छ्वास. त्यांचा दुसरा उपयोग असा की तिथून माणूस आत उतरून गाळ काढू शकतो. वाटेत गाळ बसण्यासाठी खोल कुंड्या केलेल्या असतात. तिथे पाण्याचा वेग कमी होतो, माती तळाला बसते आणि वरचं नितळ पाणी पुढे जातं. हे सगळं आजच्या जलशुद्धीकरणाच्या पहिल्या टप्प्यासारखंच आहे, फक्त वीज नाही.

उतार हा यातला सगळ्यात अवघड भाग. जास्त दिला तर पाणी जोरात येऊन बांधकाम उखडतं, कमी दिला तर गाळ साचून नळ तुंबतो. मधल्या टेकाडांना आणि ओढ्यांना वळसे घालत तो योग्य उतार शहरापर्यंत टिकवायचा. ज्यांनी हे आखलं त्यांची नावंसुद्धा आपल्याला धड माहीत नाहीत, याचं मला खरोखर वाईट वाटतं. सरदारांच्या नावाने पेठा झाल्या, पाणक्यागवंड्यांच्या नावाने गल्लीसुद्धा नाही.

---

पेठकरीण

वाचतेय. चुनाविटा, उच्छ्वासाचं पहिल्यांदाच नीट कळलं. धनकवडीला मावशीच्या घरामागे असा एक धुराडा होता, आम्ही त्याला वीटभट्टीचा समजायचो.

---

मुक्ता_

सगळं वाचलं आणि आवडलंही. पण एक प्रश्न या धाग्यात आतापर्यंत आलेला नाही आणि तो मला महत्त्वाचा वाटतो. या हौदांवर पाणी कोण भरू शकत होतं?

कात्रजचं पाणी शहराच्या खालून सगळ्यांच्या दारावरून जात होतं. वर काढण्याचा हक्क मात्र जातीवर ठरत होता. पेठांमधल्या हौदांवर अस्पृश्य मानलेल्या माणसांना हात लावता येत नव्हता. कुणी वरून ओंजळीत घालेल तेव्हा प्यायचं. हौदांचा इतिहास लिहायचा तर हा भाग त्यात पहिल्या पानावर हवा.

म्हणून माझ्या लेखी पुण्यातला सगळ्यात मोठा हौद महात्मा फुल्यांच्या घरचा. गंज पेठेतल्या आपल्या घरातला हौद त्यांनी १८६८ मध्ये अस्पृश्यांसाठी खुला केला. सार्वजनिक जागेत भाषण करणं वेगळं आणि आपल्या घरच्या पाण्यावर सगळ्यांना बोलावणं वेगळं. त्या काळात घरचं पाणी बाटणं म्हणजे घर वाळीत पडणं. आज ते घर फुले वाडा म्हणून जपलेलं आहे. तिथे गेलात तर हौदापाशी थांबा.

दुसरा बुधवार पेठेतला बाहुलीचा हौद. फरासखान्याच्या बाजूला. डॉ. विश्राम रामजी घोले हे नावाजलेले शल्यविशारद आणि जोतीरावांचे सहकारी. घोले रोड त्यांच्याच नावाचा. त्यांची मुलगी काशीबाई, लाडाचं नाव बाहुली. ते तिला शिकवत होते आणि हे अनेकांना खुपत होतं. ती लहानपणीच गेली. खाण्यातून काचा घालून तिला मारलं अशी हकीकत पुण्यात पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. घोल्यांनी तिच्या स्मरणार्थ हा हौद बांधला आणि सर्व जातींसाठी खुला ठेवला. मुलीच्या शिक्षणावर चिडलेल्या शहरात, त्या मुलीच्या नावाने, कुणालाही पिता येईल असं पाणी. याहून ठाम उत्तर मला तरी सुचत नाही.

पुढे १९२३ मध्ये सी. के. बोले यांचा सार्वजनिक पाणवठे खुले करण्याचा ठराव मुंबई कायदेमंडळात मंजूर झाला आणि १९२७ मध्ये महाडला चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला. पुण्यातल्या या दोन हौदांनी ती गोष्ट कितीतरी आधी, करून दाखवलेली होती.

---

आडवाट

मुक्ता, मनापासून आभार. तुझा प्रतिसाद मूळ लेखाचाच भाग समजावा अशी वाचणाऱ्यांना विनंती.

पंचहौदाचं नाव मी वर नुसतं घेतलं, त्याचाही संबंध इथेच येतो. १८९० मध्ये ख्रिस्ती धर्मप्रसारकांच्या पंचहौद मिशनमध्ये शहरातली प्रतिष्ठित मंडळी व्याख्यानाला गेली. तिथे चहा-बिस्किटं आली. गोपाळराव जोशींनी हजर असलेल्यांची नावं छापून आणली आणि ग्रामण्य, म्हणजे वाळीत टाकण्याचं प्रकरण, उभं राहिलं. टिळक आणि रानडे दोघेही त्यात होते. शंकराचार्यांपर्यंत प्रकरण गेलं, प्रायश्चित्तं झाली. कपभर चहावरून एवढं होत असेल तर फुल्यांनी हौद उघडला तेव्हा त्यांच्या घरावर काय आलं असेल याची कल्पना करता येते.

---

गिरगावकर

मुंबईची थोडी भर घालतो. आमच्याकडेही तळ्यांची नावं उरली आणि तळी गेली. धोबीतलाव, गोवालिया टँक, सी. पी. टँक म्हणजे कावसजी पटेल टँक. बहुतेक तळी दानशूर लोकांनी लोकांसाठी खोदलेली. १८६० मध्ये विहार तलावाचं पाणी शहरात आलं आणि तळ्यांची गरज संपत गेली. पुढे मलेरियाच्या भीतीने एकेक करून ती बुजवली. आज धोबीतलावला बसमधून उतरणाऱ्याला इथे पाणी होतं हे सांगावं लागतं.

दोन अपवाद मात्र आवर्जून बघावेत असे. वाळकेश्वरची बाणगंगा, आणि चर्चगेटजवळची १७२५ सालची भिखा बेहराम विहीर. दोन्ही टिकल्या, कारण त्यांच्याशी लोकांची श्रद्धा जोडलेली आहे. नुसत्या उपयोगावर जे उभं होतं ते उपयोग संपल्यावर गेलं.

---

बावन्न_दरवाजे

संभाजीनगरहून नमस्कार. पुण्याच्या नळाची गोष्ट वाचताना आमच्या नहरी आठवल्या. मलिक अंबरने १६१० मध्ये खडकी, म्हणजे आमचं आजचं शहर, वसवली आणि पाठोपाठ नहर-ए-अंबरी बांधली. म्हणजे कात्रजच्या सव्वाशेहून जास्त वर्षं आधी. तत्त्व तेच, जमिनीखालून उताराने पाणी, मधे मधे हवेसाठी मनोरे. पुढच्या काळात आणखी नहरी झाल्या. पाणचक्कीला पाणी नहरीचंच येतं, थत्ते हौदही नहरीवरचा.

दख्खनमध्ये ही विद्या बऱ्याच आधीपासून होती. पुण्याचे कारागीर ती कुठून शिकले यावर कुणी अभ्यास केला तर वाचायला आवडेल. आमच्याकडेही रस्ते रुंद करताना आणि पाईप टाकताना नहरी फोडल्या गेल्या. दुःख सारखंच आहे.

---

व्यवहारी

थोडं वेगळं मत मांडतो, राग नसावा. हौद बंद झाले त्याला कारणं होती. उघड्या पाण्यात उतरून भरण्याने नारू पसरायचा, हौदांवर डास व्हायचे, पटकीची साथ आली की पेठच्या पेठ रिकामी व्हायची. १८७० च्या दशकात खडकवासल्याचं धरण झालं, हळूहळू नळाचं पाणी घरात आलं आणि बायकांच्या डोक्यावरची घागर उतरली. ही लहान गोष्ट नाही. आज कात्रजच्या तळ्यात आसपासच्या वस्तीचं सांडपाणी जातं, जलपर्णी माजते. ते पाणी पेठेत आणून करणार काय? वाड्यात राहणाऱ्यांना नवीन घर हवं आहे, गळणारं कौलारू छप्पर नको आहे. आडासाठी त्यांनी इमारत अडवायची का?

---

आडवाट

राग कसला? मुद्दा रास्त आहे. घागर उतरली ते फार चांगलं झालं. आणि वाड्यातल्या कुटुंबांनी मोडकळीला आलेल्या घरात इतिहासासाठी राहावं असं मी कधीच म्हणणार नाही.

पण पाणी प्यायचं नसलं तरी ते तिथे आहे, वाहतं आहे. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याला पूर आला तेव्हा कात्रजपासून दांडेकर पुलापर्यंत काय झालं ते आपण सगळ्यांनी पाहिलं. भिंती पडल्या, माणसं वाहून गेली. ओढा अडीचशे वर्षांपूर्वी वळवलेला, त्याच्या नव्या पात्रातही आपण घरं बांधत गेलो. पाणी कुठून कुठे जातं याचा विसर पडला की किंमत गरिबांच्या वस्त्या मोजतात. नळ, हौद, ओढे यांचा खरा नकाशा हातात असणं ही हौसेची गोष्ट राहिलेली नाही.

आड राखण्यासाठी इमारत अडवायला नको. पायाचे खांब चार हात इकडेतिकडे घेता येतात. आड पार्किंगमध्ये जाळी टाकून ठेवता येतो आणि पावसाचं गच्चीवरचं पाणी त्यात सोडता येतं. उन्हाळ्यात टँकर मागवणाऱ्या सोसायटीला हे परवडणारं आहे.

---

चुनाविटा

दुजोरा. पुनर्भरणासाठी नवीन खड्डा खणण्यापेक्षा जुना आड केव्हाही चांगला. फक्त तो आधी नळाला जोडलेला आहे की स्वतःच्या झऱ्याचा, हे तपासा. नळाचा असेल तर बाजूच्या भिंतीत कमानीचं किंवा दगडी पन्हळीचं तोंड दिसतं. ते तोंड बुजवू नका, आणि त्यात ड्रेनेज तर चुकूनही जोडू नका. एका इमारतीचं सांडपाणी असं आत सोडलं की खालच्या सगळ्या आडांचं वाटोळं होतं. पेठांमध्ये हे झालेलं मी पाहिलं आहे.

---

शुक्रवारी_संध्याकाळ

भुयाराचं उत्तर मिळालं, धन्यवाद. आजोबांची गोष्ट आता मला जास्तच आवडायला लागली आहे.

एक सल्ला हवा. आमचा शुक्रवार पेठेतला वाडा पुढच्या वर्षी पाडणार आहेत. मागच्या चौकात आड आहे, वर फरशी टाकून कुंड्या ठेवलेल्या आहेत. फरशी काढून आत बघावं असं फार वाटतं. भावाची उतरायचीही तयारी आहे. काय काय नोंदवून ठेवू?

---

चुनाविटा

आधी महत्त्वाचं : भावाला उतरू देऊ नका. बरीच वर्षं बंद असलेल्या आडात तळाशी हवा खराब असते, वरून काही कळत नाही आणि माणूस बेशुद्ध पडतो. त्याला काढायला गेलेला दुसराही जातो. असे अपघात दर वर्षी होतात. फरशी काढून काही दिवस तोंड मोकळं ठेवा, भोवती कठडा करा, आणि उतरायचंच असेल तर वायू तपासणीची साधनं व दोर असलेल्या माहितगार माणसांकडूनच काम करून घ्या.

वरून करता येण्यासारखं खूप आहे. दोरीला बॅटरी आणि मोबाईल बांधून खाली सोडा आणि चारही बाजूंचं चित्रण करा. दोरीला गाठी मारून पाण्याची खोली आणि पाण्यापर्यंतचं अंतर मोजा, एकदा आत्ता आणि एकदा पावसाळ्यानंतर. भिंतीत कुठल्या दिशेला तोंड आहे ते होकायंत्राने बघून लिहा. ती दिशा कळली की नळ तुमच्या वाड्याखालून कसा गेला ते सांगता येईल. आडाच्या कडेला दगडावर काही कोरलेलं असेल तर फोटो घ्या.

---

आडवाट

आणि वाड्याचा सिटी सर्व्हे नंबर, पेठ, जवळचा चौक, आजोबांनी सांगितलेली ती गोष्टसुद्धा. सगळं याच धाग्यावर टाक. जुना_कसबेकर, साततोटीच्या तुमच्या आडाचंही लिहाल का? तो इमारतीच्या नेमक्या कुठल्या बाजूला होता एवढं कळलं तरी पुरे.

---

जुना_कसबेकर

लिहितो. रस्त्याकडे तोंड करून उभं राहिलं तर डाव्या हाताला, आता जिथे लिफ्टचा खड्डा आहे तिथे. वाडा पाडण्याआधी काढलेला हातचा नकाशा धाकट्या भावाकडे आहे. रविवारी त्याच्याकडे जाऊन फोटो काढून इथे टाकतो.